रस्त्यावरची छायाचित्रे आणि हरवलेली उमेद

प्रश्न : नोकरीच्या धबडग्यातून मोकळीक मिळावी म्हणून मी स्ट्रीट फोटोग्राफी सुरू केली. आता मात्र शहरातल्या त्याच त्या रस्त्यांवर टिपण्यासारखे काही सापडत नाही, अनोळखी माणसासमोर कॅमेरा उचलताना संकोच वाटतो आणि समाजमाध्यमांवर रोज टाकलेल्या छायाचित्रांना दादही मिळत नाही. काय करावे?

उत्तर : आपण विषय शोधत हिंडता, तिथेच बहुधा अडते आहे. विषयाच्या मागे लागलेल्या नजरेला काहीतरी वेगळे हवे असते आणि रोजच्या वाटेवर वेगळे असे फार थोडे घडते. त्याऐवजी प्रकाश शोधावा. दुपार कलल्यावर एखाद्या वळणावर उन्हाचा अरुंद पट्टा पडतो. तो हेरून समोर उभे राहावे आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, त्या उजळ भागाला धरून ठरवावे. मग मागची सावली छायाचित्रात जवळजवळ काळी उतरते आणि त्या पट्ट्यातून जाणाऱ्याचा नुसता कान, खांद्यावरची पिशवी किंवा बोलता बोलता उचललेला हातही ठळक उठून दिसतो. संकोचही निम्मा इथेच सरतो, कारण आधीपासून उभ्या असलेल्या माणसाच्या चौकटीत लोक आपसूक येतात, त्याला कोणाचा पाठलाग करावा लागत नाही.

उरलेला संकोच कॅमेऱ्याशी चाललेल्या झटापटीतून येतो. फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स, एफ ८ अॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) आणि हाताने ३ मीटरवर लावलेला फोकस असला, की सुमारे २ ते ७ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. भर उन्हात शटर १/५०० सेकंदावर ठेवावे. झूम लेन्स खुशाल घरी राहू द्यावी.

दादेविषयी थोडे स्पष्ट लिहितो. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी लाखाहून अधिक छायाचित्रे काढली, पण ती २००७ मध्ये लिलावातून बाहेर येईपर्यंत जवळजवळ कोणीच पाहिलेली नव्हती. (त्यांनी ती का दाखवली नाहीत, यावर तर्क पुष्कळ लढवले जातात, आपल्याला त्यात पडण्याचे कारण नाही.) अमेरिकी स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड तर टिपतानाची भावना निवडीच्या आड येऊ नये म्हणून फिल्मचे रोल मुद्दाम उशिरा धुवत असत, १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. इतके टोक गाठू नये, परंतु आजची छायाचित्रे महिनाभर उघडूच नयेत. संध्याकाळी कोणाला काय दाखवायचे हा घोर नसला, की फसणारी चौकटही बिनदिक्कत घेता येते, आणि आपण म्हणता ती मोकळीक मला तरी त्यातच दिसते.

एक पथ्य मात्र पाळावे : कोणी हरकत घेतली तर वाद न घालता छायाचित्र पुसून टाकावे, आणि दुःखात किंवा असहाय अवस्थेत असलेल्या माणसावर कॅमेरा रोखूच नये, मग कायद्याने मुभा असो वा नसो.