कॉलेजसाठी निवडणूक कशाला?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला असते. नागरिकत्व मिळाल्यावर तिच्या हाती आलेल्या पहिल्याच मतपत्रिकेत स्थानिक कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टच्या विश्वस्तपदाचे उमेदवार होते. कॉलेज चालवायला निवडणूक कशासाठी, आणि या विश्वस्तांच्या हाती नेमके काय असते?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारे स्थानिक सरकारी कॉलेज, आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे अशी कॉलेजे चालवणारी स्थानिक सरकारी संस्था. आपल्या मुलीच्या भागातील फूटहिल–डी अँझा डिस्ट्रिक्टमध्ये दोन कॉलेजे असून त्यांवर मतदारांनी निवडलेल्या पाच विश्वस्तांचे एकच मंडळ आहे. मुदत चार वर्षांची असते आणि सगळ्या जागा एकदम रिकाम्या होत नाहीत. निवडणुकीचे मूळ पैशात आहे. या कॉलेजांना राज्याच्या अनुदानाबरोबर स्थानिक मालमत्ता कराचा वाटा मिळतो. शिवाय इमारतींसाठी रोखे काढायचे झाल्यास मंडळाला मतदारांकडे जावे लागते, 2000 साली मंजूर झालेल्या तरतुदीनुसार 55 टक्के मते मिळवावी लागतात, आणि त्या रोख्यांची परतफेड घरमालकांच्या करबिलातून होते. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याने कारभारी निवडावा, हा हिशेब सरळ आहे.

मंडळाचे सर्वांत वजनदार काम म्हणजे चॅन्सेलरची, म्हणजे मुख्य प्रशासकाची, नेमणूक. त्याखेरीज वार्षिक अंदाजपत्रक, कर्मचारी संघटनांशी होणारे करार आणि धोरणे यांना मंजुरी देणे मंडळाकडे असते. अभ्यासक्रमासारख्या शैक्षणिक बाबतींत मात्र 1988 च्या कायद्यानंतर प्राध्यापकांच्या अकॅडेमिक सिनेटचे मत विचारात घ्यावेच लागते. एकट्या विश्वस्ताला कसलाही अधिकार नाही. जे काही आहे ते सभेत बसलेल्या मंडळाला. विश्वस्ताच्या ओळखीने भाच्याला प्रवेश मिळेल का, असे कुणी विचारलेच तर सांगावे की या कॉलेजांचे दार मुळातच खुले असते, वशिल्याला तेथे काम नाही. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीही मंडळात बसतो, पण त्याचे मत सल्लावजा धरतात. हे मला जरा कंजूषपणाचे वाटते.

निवडून आले म्हणजे अंकुश संपला, असेही नाही. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजची मान्यता जाण्याची वेळ आली, तेव्हा राज्यातील कम्युनिटी कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या, गव्हर्नरने नेमलेल्या मंडळाने निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून एका विशेष विश्वस्ताच्या हाती दिले; ते 2015 मध्ये परत मिळाले. अमेरिकेतही ही पद्धत सर्वत्र नाही, काही राज्यांत गव्हर्नरच मंडळ नेमतो. बडोदेकरांना हे दुसरे रूप आता ओळखीचे वाटेल, कारण 2023 च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने महाराजा सयाजीराव विद्यापीठातील सिनेट आणि सिंडिकेट जाऊन व्यवस्थापन मंडळ आले, आणि पदवीधरांच्या सिनेट निवडणुकीची धामधूम थांबली. त्या निवडणुकांत गटबाजी भरपूर होती, हे खरे. तरीही जाब विचारण्याची एक जागा गेली, असे माझे मत आहे.

आपल्या मुलीने मत देण्यापूर्वी एखादी सभा ऐकावी. कॅलिफोर्नियाच्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका किमान 72 तास आधी लावावी लागते आणि नोकरीविषयक प्रकरणे, न्यायालयीन दावे अशा मोजक्या विषयांखेरीज सर्व चर्चा उघड व्हावी लागते. श्रोत्यांना बोलण्याची संधी द्यावीच लागते, व त्यासाठी मतदार असण्याची अट नाही; म्हणजे जावईबापूंचे नागरिकत्व अजून व्हायचे असले, तरी त्यांनाही तेथे उभे राहून बोलता येईल.