वरच्या कोर्टाने काय लिहावं?

"मॅडम, आता वर कुठे जायचं?" मी समुपदेशक आहे; संमतीने घटस्फोट झालेली माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. घराची, पैशांची वाटणी कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या लेखी अटींमध्ये, लिहिलेली असते, दोघांच्या सह्या असतात. पुढे अंमलबजावणीत अडतं, कोर्ट आदेश देतं आणि तो आदेश एकाला पटत नाही.

सुलभा (नाव बदललं आहे) आली तेव्हा तिच्याजवळ तीन सल्ले होते. शेजारचे म्हणाले, जिल्हा न्यायालयात जा. भाऊ म्हणाला, नवा दावा टाक. मावशी म्हणाली, संमतीने झालंय, आता काहीच करता येत नाही. तिच्या बाबतीत तिन्ही चूक होते.

दोघांच्या नावावरचा फ्लॅट तिला मिळायचा होता. नवऱ्याने हक्कसोडपत्र करून द्यायचं, तिने त्याला बारा लाख द्यायचे. सात दिले, तरी तो सही करायला येईना. तिने कुटुंब न्यायालयात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. आदेश आला : उरलेले पाच लाख आधी कोर्टात भरा, मग त्याने सही करावी, नाही केली तर कोर्ट त्याच्या वतीने दस्त करून देईल.

"म्हणजे मी हरले," ती म्हणाली.

पहिल्या दोन भेटी रागातच गेल्या. मी तो अडवला नाही. तिसऱ्या भेटीत विचारलं, "वरच्या कोर्टाने काय लिहावं असं वाटतं तुम्हाला?"

ती बराच वेळ गप्प होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग हळूच म्हणाली, "की तो खोटं बोलला. सात वर्षं."

इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला एक कळलंय : अपिलाच्या मागे पुष्कळदा अपील नसतं, साक्ष हवी असते. 'माझ्यावर अन्याय झाला' हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं असतं. मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे भावनेमागचा विचार तपासत, काम करते. मागणी आणि वस्तुस्थिती वेगळी झाली की माणूस मोकळा होतो, यावर माझा विश्वास आहे. त्या दिवशी मी तिला आदेश मोठ्याने वाचायला लावला. शेवटच्या ओळीला ती थबकली. "घर माझंच राहतंय की!"

आता कायद्याचं. कुटुंब न्यायालय कायदा, 1984 चं कलम 19 सांगतं की कुटुंब न्यायालयाच्या अंतिम आदेशावर अपील थेट उच्च न्यायालयात होतं, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे, 30 दिवसांत. अधल्यामधल्या, तात्पुरत्या आदेशावर हे अपील नाही. संमतीच्या हुकूमनाम्यावरही (कोर्टाच्या डिक्रीवरही) नाही. मावशींचं तेवढं खरं. पण अंमलबजावणीत वाद होऊन जो आदेश झाला, तो संमतीचा नव्हे. तो अंतिम आहे की मधला, हे वकिलाला आदेश दाखवूनच ठरवा. मात्र अपिलात वाटणी नव्याने होत नाही. अंमलबजावणी करणारं कोर्टही मूळ अटी बदलू शकत नाही. भावाने सुचवलेला नवा दावाही चालत नाही. हुकूमनामा पाळला की नाही, हा वाद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 47 प्रमाणे अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टातच सुटतो. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथली वाट वेगळी असते. तीही वकिलाकडूनच समजून घ्या.

माझी कळकळीची विनंती एकच : आदेशाची प्रमाणित प्रत मिळवण्याचा अर्ज त्याच दिवशी करा. मन सावरायला वेळ लागतो, मुदत मात्र थांबत नाही.

सुलभाने वकिलांशी बोलून अपील न करायचं ठरवलं. पाच लाख भरले. नवरा तरीही आला नाही, तेव्हा कोर्टाने दस्त करून दिला. चौथ्या भेटीला ती तो दस्त घेऊन आली होती. कोर्टातर्फे झालेल्या सहीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे त्याची सही नाही, मॅडम. आणि मला त्याचं काही वाटत नाहीये."