पातळ थरातील उष्मावीज : चूक जाडीची की घडणीची?

प्रश्न : काचेच्या पट्टीवर निर्वातात बाष्पीभवन करून बसवलेल्या, सुमारे 1 मायक्रोमीटर जाडीच्या बिस्मथ टेल्युराइडच्या थराची दोन टोके वेगवेगळ्या तापमानांना ठेवून मी विद्युतदाब मोजला. तो पुस्तकातील आकड्याच्या निम्माही भरला नाही. मग थर पातळ केला की उष्माविद्युत गुणधर्म सुधारतात, असे का म्हटले जाते?
– पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी

उत्तर : आपला दाब कमी आला याचे कारण थराच्या जाडीत नसून बहुधा त्याच्या घडणीत आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सीबेक यांना 1821 मध्ये आढळलेला हा परिणाम, म्हणजे तापमानाच्या फरकातून निर्माण होणारा विद्युतदाब, धातूंमध्ये दर केल्विनला जेमतेम काही मायक्रोव्होल्ट भरतो, तर चांगल्या बिस्मथ टेल्युराइडमध्ये तो 200 मायक्रोव्होल्टच्या आसपास जातो. मात्र तापवताना या संयुगाचे विघटन होते आणि टेल्युरियम बिस्मथपेक्षा लवकर उडून जाते, त्यामुळे काचेवर बसणाऱ्या थरातील दोघांचे प्रमाण बिघडते. अशा थरात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन नसल्याने उरलेल्या, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा) दोन्ही मोठ्या संख्येने असले, तर दोन्ही थंड टोकाकडे सरकतात आणि त्यांचे दाब एकमेकांतून वजा होतात. त्यात वीज वाहणाऱ्या अशा कणांची संख्या धातूसारखी फार झाली, तरीही दाब उतरतो.

याची एक साधी चाचणी आजच करून पाहावी. मल्टिमीटरची धन तार तापवलेल्या टोकाला आणि ऋण तार थंड टोकाला लावली असता आकडा धन आला, तर थरात इलेक्ट्रॉनांचे वर्चस्व आहे; ऋण आला, तर होलांचे. थरावर जागा बदलली की चिन्हही बदलत असेल, तर प्रमाण सगळीकडे सारखे नाही हे नक्की समजावे. तापमान मात्र जिथे दाब मोजणाऱ्या तारांची टोके टेकली आहेत तिथेच मोजावे, काचेच्या पाठीवर नव्हे. ही चूक फार वेळा होते.

आता पातळपणाविषयी. उष्माविद्युत पदार्थाची गुणवत्ता सीबेक गुणांकाचा, म्हणजे दर केल्विनला मिळणाऱ्या दाबाचा, वर्ग, विद्युतवाहकता आणि तापमान यांच्या गुणाकाराला उष्मावाहकतेने भागून ठरते. म्हणजे वीज वाहावी, पण उष्णता अडावी. अर्धवाहकात उष्णता मुख्यतः जालकाची कंपने, म्हणजे फोनॉन, वाहून नेतात. सिलिकॉनमध्ये त्यांपैकी अनेकांचा मुक्त पल्ला, म्हणजे दोन टकरींमधले सरासरी अंतर, शेकडो नॅनोमीटरचा असतो, तर भरपूर अशुद्धी मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांचा पल्ला काही नॅनोमीटरच. म्हणून काही दशक नॅनोमीटरच्या थरात फोनॉन पृष्ठभागांवर आदळून विखुरतात, उष्मावाहकता कित्येक पटींनी घटते आणि वीज मात्र बऱ्यापैकी वाहत राहते. हिक्स आणि ड्रेसेलहाउस या भौतिकशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये याहून पुढचा विचार मांडला होता : अतिशय पातळ थरात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्याच बदलतात आणि त्यामुळेही गुणवत्ता वाढावी. बिस्मथ टेल्युराइडमध्ये फोनॉनांचे पल्ले मुळातच फार लहान आणि त्याची उष्मावाहकताही दर मीटर-केल्विनला 1.5 वॉटच्या आसपास, इतकी कमी, आहे. त्यामुळे 1 मायक्रोमीटरच्या थरातून या लाभाची अपेक्षा ठेवू नये.

शिवाय आपल्या मांडणीत काच आहे, आणि तिचा विचार टाळता येत नाही. काचेची उष्मावाहकता याच पदार्थाच्या जवळपास आहे, पण ती 1 मिलिमीटर जाड असेल तर थराच्या लांबीने उष्णता नेताना थराच्या सुमारे हजारपट उष्णता तीच नेते. दाबावर याचा परिणाम होत नाही. कार्यक्षमतेचा मात्र चुराडा होतो. उष्णता लांबीने न नेता थर आणि काच यांच्या जाडीतून आरपार नेली, तर 50 केल्विनच्या फरकातील जेमतेम 0.05 केल्विन थराच्या वाट्याला येतो आणि 10 मायक्रोव्होल्ट हाती लागतात. म्हणूनच स्पर्श न करता ताप मोजणाऱ्या तापमापकांतील संवेदकात थराखालचे सिलिकॉन खोदून काढतात आणि केवळ एक पातळ पडदा उरू देतात.

आपण आधी टेल्युरियमचे प्रमाण तपासावे. ते कमी असल्यास टेल्युरियमच्या बाष्पात थर तापवून, म्हणजे अनीलिंग करून, पुन्हा मोजणी करावी. जाडी कमी करण्याचा विचार त्यानंतरचा.