अमेरिकेहून आलेल्या १० मिलिग्रॅमच्या मेलाटोनिन गमीज झोपेसाठी घ्याव्यात का?

तुमचं वय ४२, अमेरिकेतल्या टीमबरोबरचे कॉल रात्री अकरापर्यंत चालतात आणि अंथरुणाला पाठ टेकली तरी दीड-दोनपर्यंत डोळा लागत नाही. भावानं तिकडून मेलाटोनिनच्या १० मिलिग्रॅमच्या गमीज, म्हणजे जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या, आणल्यात. त्या घ्याव्यात का, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या आईलाही द्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी फार्मासिस्ट आहे, काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो. तुम्हाला दुसरं काही औषध चालू नसेल तर कमी मात्रेत, थोडे दिवस घेऊन बघायला हरकत नाही, पण ही बाटली नको. आईंना मात्र स्वतःच्या मनानं देऊ नका.

मेलाटोनिन झोपेच्या गोळीसारखं गुंगी आणून पाडत नाही. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते सोडते आणि रात्र झाल्याचं शरीराला कळतं. रोजच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी ते रक्तात वाढायला लागतं, पण डोळ्यांवर प्रखर उजेड असेल तर दबून राहतं. अकरापर्यंत डोक्यावर ट्यूबलाइट आणि समोर लॅपटॉप, म्हणजे तुमची रात्र बहुधा तिथेच पुढे ढकलली जाते. त्यामुळे गोळी किती मोठी यापेक्षा ती किती वाजता घेता याला जास्त महत्त्व आहे. साडेबाराला झोपायचं असेल तर साडेदहा-अकराला घ्या, अर्धा ते एक मिलिग्रॅमपासून सुरुवात करा आणि तीनच्या वर जाऊ नका. घेतल्यावर गाडी चालवायची नाही, त्या रात्री दारूही नको. शेवटच्या कॉलला दिवा मंद करा, स्क्रीनचा उजेड उतरवा. सकाळी उठायची वेळ शनिवार-रविवारीही तीच ठेवा आणि उठल्यावर थोडा वेळ उन्हात उभे राहा. हे जमलं नाही तर नुसत्या गोळीचा फार उपयोग होत नाही. झोपेच्या तक्रारी असलेल्यांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०१३ साली जो आढावा निघाला, त्यात मेलाटोनिननं झोप सरासरी सातेक मिनिटं लवकर लागली होती.

आता ती बाटली. मागच्या बाजूचं लेबल वाचा: १० मिलिग्रॅम एका गमीत आहेत की दोन गमीत? 'सर्व्हिंग' म्हणजे एक नग असं गृहीत धरून पुष्कळ लोक फसतात. शिवाय छापलेला आकडा खरा असेलच असं नाही. अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून विकलं जातं, त्यामुळे औषधासारखी कडक तपासणी होत नाही. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली २५ गमी उत्पादनांची तपासणी छापून आली, त्यातल्या २२ चं लेबल चुकीचं निघालं. प्रत्यक्ष मेलाटोनिन छापलेल्या आकड्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होतं आणि एका उत्पादनात ते अजिबात नव्हतं. त्यापेक्षा आपल्याकडची ३ मिलिग्रॅमची साधी गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि सुरुवातीला तिचा पाव भागच घ्या. पट्टीवर 'एसआर' लिहिलं असेल तर तोडायची नाही, ती सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते. सकाळी डोकं जड वाटलं, डोकेदुखी किंवा विचित्र स्वप्नं सुरू झाली तर मात्रा कमी करा. दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर थांबा. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात ठेवा, मुलांना तो खाऊच वाटतो. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ मध्ये ८ हजारांच्या आसपास होत्या, २०२१ मध्ये त्या ५२ हजारांवर गेल्या.

आईंबद्दल मला जास्त काळजी वाटते. 'बीपीची गोळी' एवढ्यानं काही कळत नाही, पट्टीवरचं नाव बघायला हवं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन कमी करतात, तिथे डॉक्टर ते विचारपूर्वक देऊही शकतात. निफेडिपिन चालू असेल तर मेलाटोनिनमुळे बीपी वाढल्याचं दिसलंय. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. फ्लुव्होक्सामीन या नैराश्यावरच्या गोळीबरोबर रक्तातलं मेलाटोनिन कित्येक पटींनी चढतं. शुगरचं म्हणाल तर, उशिरा जेवण आणि त्याच सुमारास मेलाटोनिन असं जुळलं की जेवणानंतरची साखर जास्त चढते. नऊ-साडेनऊला जेवणाऱ्या घरात हे सहज घडतं. आणि १० मिलिग्रॅम घेऊन रात्री बाथरूमला उठताना त्यांचा तोल गेला, तर या वयात हाड मोडायला वेळ लागत नाही.

आईंना मेलाटोनिन द्यायचा विचार करण्याआधी त्यांची झोप कशानं मोडते ते विचारा. लघवी जास्त करणारी गोळी संध्याकाळी घेत असतील तर रात्री चारदा उठणं आलंच. ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टर सांगतील. गुडघे दुखत असतील तर उपाय दुखण्यावर करायला हवा. मोठ्यानं घोरत असतील, मध्येच श्वास अडकून दचकून जाग येत असेल, तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, करून घ्या. त्यांच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला, ही गमीजची बाटलीही त्यात टाका आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा.