वाचकांचे प्रश्न : बर्फातल्या शिकारीत पायांवर काय घालावे?

प्रश्न : आम्ही उत्तर मिनेसोटात, डुलुथच्या बाजूला राहतो. येथील शेजाऱ्यांबरोबर मी रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जाऊ लागलो आहे. नोव्हेंबरमधील बंदुकीने शिकार करण्याच्या मुदतीत आणि तिच्यानंतर येणाऱ्या ठासणीच्या बंदुकीच्या मुदतीतही. माझी नायलॉनची पावसाळी विजार पाणी आत येऊ देत नाही, परंतु चालताना तिची एवढी खसखस होते की शेजारी मला मागेच थांबायला सांगतात. ते स्वतः जाड लोकरीची विजार घालतात. तिचा आवाज होत नाही, पण दुपारपर्यंत ती गुडघ्याखाली भिजते आणि ऊन उतरले की गोठून पत्र्यासारखी ताठ होते. आवाज न करणारे आणि पाणीही न शिरू देणारे असे काही मिळते का? विजार घ्यावी की गेटर (बुटावरून पोटरीभोवती बांधायचे कापडी आवरण)? रंग कोणता असावा? (एक वाचक, मिनेसोटा)

उत्तर : आपण विचारलेले दोन गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे आहेत, आणि दोन्ही पूर्णपणे देणारी विजार मी अद्याप पाहिलेली नाही. पाणी अडवायचे तर कापडाला लेप किंवा पापुद्रा लागतो आणि तो आला की कापड कडक होते, म्हणजेच बोलू लागते. त्यामुळे माझा सल्ला असा की आपण पायाची गुडघ्यापाशी वाटणी करावी. गुडघ्याच्या वर शेजाऱ्यांसारखी घट्ट विणीची जाड लोकरीची विजार ठेवावी, आणि गुडघ्याखाली, जिथे पाय खरोखर बर्फात बुडतो तिथे, बाहेरून लवदार कापड आणि आत जलरोधक पापुद्रा असलेले गुडघ्याएवढे उंच गेटर बांधावेत. नवी जलरोधक विजार घेण्यापेक्षा यात खर्चही कमी येतो.

याचे कारण थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. माणसाला साधारणपणे २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात; पांढऱ्या शेपटीच्या हरणाला त्याहून बरेच उंच आवाज ऐकू येतात आणि त्याचे कान ४ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात. गुळगुळीत नायलॉन नायलॉनवर घासले गेले किंवा त्यावरून वाळकी काटकी ओढली गेली, तर होणारा आवाज नेमका अशा उंच पट्टीतला असतो. लोकरीवरून तीच काटकी गेली तर तंतू दबतात, वाकतात आणि आवाज खालच्या पट्टीत, बोथट होऊन उरतो. जंगलात काटकी मोडल्याचा किंवा खार पाचोळ्यातून पळाल्याचा आवाज हरीण रोजच ऐकते. पावलागणिक एकसारखी येणारी खसखस मात्र जंगलातली नसते, आणि हरीण मान वर करते ते तिच्यामुळे.

दुकानात ज्या पापुद्र्याची जाहिरात केलेली असते, तो स्वतः क्वचितच गुन्हेगार असतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकची तापवलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम झटका देऊन ताणली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली. वाफ जाऊ देणारे आणि पाणी अडवणारे गोअर-टेक्स त्यातून आले. तो पापुद्रा इतका पातळ असतो की तो कशाला तरी चिकटवावाच लागतो, आणि आवाज ठरतो तो त्या सोबतच्या कापडावरून. बाहेरचे कापड, पापुद्रा आणि अस्तर असे तीनही थर एकत्र चिकटवलेले असतील तर कापड टिकाऊ पण करकरीत होते. बाहेर लव उठवलेले विणीव कापड असेल आणि अस्तर आत सुटे असेल, तर तेच कापड बरेच मऊ पडते. स्वस्त वस्तूंमध्ये पापुद्र्याऐवजी पॉलियुरेथेनचा लेप असतो, आणि तो थंडीत आखडतो. दुकानातल्या उबेत मऊ वाटलेले गेटर उणे १५ अंशांत कागदासारखे वाजतात, त्याचे कारण हेच.

म्हणून खरेदीपूर्वी, निदान परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, एक चाचणी अवश्य करावी. गेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावेत. घरगुती फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे डुलुथकडच्या डिसेंबरमधल्या थंड सकाळइतका. सकाळी ते बाहेर काढताक्षणी कानाशी धरून चुरगळावेत, नखाने वरून खाली खरवडावेत आणि शक्य असल्यास अंगणातली वाळकी फांदी त्यांवरून ओढावी. नखाचा आवाज कानापासून हात लांब केल्यावरही ऐकू येत असेल, तर ते गेटर उन्हाळ्यातल्या चिखलासाठी ठेवावेत.

लव किती लांब असावी, हा पुढचा प्रश्न आहे, आणि येथे बरेच जण फसतात. लांब केसाळ फ्लीस (लोकरीसारखे लवदार कृत्रिम कापड) सर्वांत शांत असते हे खरे, परंतु शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ तिला चिकटतो, त्याचे गोळे होतात आणि अंगाच्या उष्णतेने ते वितळू लागतात. आखूड, घट्ट लव असलेले कापड आवाजात किंचित कमी पडते, पण त्यावरून बर्फ हाताने झटकता येतो. लोकरीलाही हाच नियम लागू आहे. आपल्याकडे धनगर ज्या घोंगडीवर पाऊस झेलतात, ती मऊ शालीसारखी नसते. दाट आणि खरखरीत असते, आणि म्हणूनच पाणी बराच वेळ वरच्यावर राहते. उत्तर अमेरिकेतली शिकारीची जुनी लोकरी विजारही याच वळणाची. व्हरमाँटमधील जॉन्सन वूलन मिल्स ही गिरणी १८४२ पासून आणि सिअॅटलची फिल्सन ही कंपनी १८९७ पासून चालत आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल अंगाला जाणवू न देता सामावून घेते. आपल्या शेजाऱ्यांची विजार त्यापलीकडे गेली म्हणून गोठली, आणि ती भिजली गुडघ्याखालीच. तेवढा भाग गेटरखाली झाकला, तर त्या विजारीबद्दल तक्रारीला जागा उरू नये.

गेटरच्या बांधणीकडे कापडाइतकेच लक्ष द्यावे. बहुतेक गेटर पुढच्या बाजूने व्हेल्क्रोने बंद होतात. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला ही कल्पना १९४१ मध्ये आल्प्समध्ये कुत्र्याला घेऊन फिरून आल्यावर, त्याच्या केसांना अडकलेली गोखरूसारखी फळे पाहून सुचली असे सांगतात. शिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र व्हेल्क्रो उघडण्याइतका वाईट आवाज दुसरा नाही. तरीही व्हेल्क्रो असलेले गेटर मी नाकारणार नाही, कारण ते मोटारीपाशी एकदा लावले की संध्याकाळपर्यंत उघडण्याचे कारण नसते. पुढे व्हेल्क्रो आणि वर-खाली एकेक टिचबटण अशी रचना चांगली. चेनचे गेटर घेऊ नयेत. चेनच्या दातांत बर्फ गोठतो आणि त्या झटापटीत हाताचे मोजे काढावे लागतात.

बुटाच्या नाडीत अडकवायचा पुढचा लोखंडी आकडा चालताना बुटाच्या कडीवर टकटक वाजतो. त्यावर कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. तळव्याखालून जाणाऱ्या पट्ट्याचे बक्कल पायाच्या बाहेरच्या अंगाला यावे, म्हणजे दुसऱ्या पायाला घासणार नाही. उजवा-डावा गेटर उलट बांधला गेला की ही चूक हमखास होते. घोट्याच्या आतल्या बाजूला बुटाच्या घर्षणासाठी जाड नायलॉनचे ठिगळ असते; ते नसेल तर गेटर एका हंगामात फाटतो, आणि ते पोटरीपर्यंत चढलेले असेल तर दोन्ही ठिगळे एकमेकांवर घासून आपली जुनी खसखस परत येते. ठिगळ घोट्याच्या फार वर नसावे आणि गेटर पोटरीला बेताने चिकटलेला असावा. वरची दोरी मात्र आवळू नये. लोकरी पट्ट्या पायाला गुंडाळण्याची रीत हिंदुस्थानातून ब्रिटिश सैन्यात गेली आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही मऊ काश्मिरी पट्ट्या वापरल्या गेल्या, परंतु पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनी रक्तप्रवाह अडून पायांचे हाल वाढले. तळवे गार पडू लागले तर आधी पोटरीवरची दोरी सैल करून पाहावी.

विजार गेटरच्या आत घालावी की बाहेर, हे हवेवर ठरते. कोरड्या बर्फात विजार आत आणि गेटर वर. पाऊस किंवा वितळता बर्फ असेल तर वरून ओघळणारे पाणी गेटरच्या वरच्या तोंडातून थेट बुटात जाते. अशा दिवशी विजारीचे पाय गेटरवरून खाली सोडावेत. गेटरच्या आत सकाळी बारीक हिमकण जमलेले दिसले तर ते गळतीचे लक्षण समजू नये. पोटरीचा घाम पापुद्र्यापाशी गोठलेला असतो. गेटर उलटा करून झटकला की पुरे.

गुडघे टेकून बसण्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण विजार गुडघ्यावर भिजते ती बहुधा तेव्हाच. कापडाची जलरोधकता पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये, सांगतात. ७५ किलोचा माणूस दोन्ही गुडघ्यांवर टेकला आणि भार सुमारे १०० चौरस सेंटिमीटरवर पडला, तर तो दाब ७,५०० मिलिमीटर पाण्याएवढा होतो, आणि एकाच गुडघ्यावर त्याच्याही वर जातो. ५,००० मिलिमीटरचे कापड तिथे हरणारच. त्यासाठी महाग कापड घेण्यापेक्षा फोमचा एक तुकडा पाठीला अडकवून न्यावा; मचाणावर तो बसायलाही लागतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कापडाने सुटत नाही. तापमान उणे १० च्या खाली गेले की पायाखालचे हिमकण घसरण्याऐवजी मोडतात आणि बर्फ करकरतो. वर कडक साय धरलेली असेल तर पाऊल फुटल्यासारखे वाजते. अशा दिवशी माग काढत हिंडण्यापेक्षा उजाडण्यापूर्वी मचाण गाठून बसून राहावे. ताजा भुसभुशीत बर्फ स्वतःच आवाज शोषतो. आपले शांत गेटर कामी येतात ते त्या दिवशी.

रंगाबद्दल आपण मिनेसोटाचा नियम जाणताच : बंदुकीच्या मुदतीत टोपी आणि कमरेवरचे बाहेरचे कपडे झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी असावे लागतात. कमरेखाली सक्ती नाही, म्हणून बर्फात मिसळून जाण्यासाठी पांढरे गेटर घेण्याचा मोह होतो. तो कृपया टाळावा. ज्या जंगलात शंभर माणसे पांढरी शेपटी शोधत असतात, तिथे झुडपांतून हलणारे पांढरे काहीही धोक्याचे आहे. तपकिरीही नको. गडद हिरवा किंवा राखाडी चालेल. नारिंगी पट्टा असेल तर अधिक उत्तम, कारण हरणाला तो आपल्याला दिसतो तसा उठून दिसत नाही. धुताना चमक आणणारी पावडर वापरू नये. तिची झळाळी निळसर असते आणि निळा रंग हरणाला चांगला दिसतो. कापड मऊ करणारे द्रावणही नको, कारण त्याने पाणी निथळण्याचा गुण जातो. कॅम्पमध्ये लाकडाची शेगडी असेल तर फ्लीसचे गेटर तिच्यापासून दूर वाळवावेत. ठिणगीने लोकर जळून काळी पडते, फ्लीसला मात्र वितळून भोक पडते.

प्रश्न : फेब्रुवारीत स्पितीमध्ये हिमबिबट्याची छायाचित्रे काढायला जाणार आहे. ट्रेकसाठी घेतलेले नायलॉनचे गेटर चालतील की शिकारीसाठी मिळतात तसे आवाज न करणारे मागवावेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहेत तेच न्यावेत. शिकारीवर आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने बंदी असल्याने तशा वस्तू येथील दुकानांत सहसा दिसत नाहीत, आणि आपल्याला त्यांची गरजही नाही. किब्बरच्या परिसरात हिमबिबट्या दिसतो तो बहुधा दरीपलीकडच्या कड्यावर, दुर्बिणीतून. तेवढ्या अंतरावर पोटरीवरच्या नायलॉनचा आवाज पोहोचत नाही. तिथला त्या दिवसांतला बर्फही इतका कोरडा असतो की पाणी अडवण्यापेक्षा बुटात बर्फ जाऊ न देणे एवढेच गेटरचे काम उरते. आपला वेळ चालण्यापेक्षा ४,००० मीटरच्या वर तासन्‌तास बसण्यात जाईल, त्यामुळे पैसे जाड लोकरी मोज्यांवर, आत घालायच्या लोकरी विजारीवर आणि एक आकडा मोठ्या बुटांवर खर्च करावेत. गेटरच्या तळपट्ट्याची एक जादा जोडी मात्र बरोबर ठेवावी. गोठलेला पट्टा खडकावर घासून तुटतो, आणि तो काझा या स्पितीतल्या मुख्य गावात मिळेलच असे नाही.