हॉटेलातले जुने स्टीलचे टेबल घेताना काय तपासावं?

खानावळीसाठी बंद पडलेल्या हॉटेलातले स्टीलचे टेबल मिळतायत, घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या, पण चकाकीवर जाऊ नका. बफिंग मारलं की कुठलाही पत्रा चमकतो. दोघांनी धरून टेबल उलटं करा आणि मगच दराचं बोला.

आधी ग्रेड, म्हणजे स्टीलचा प्रकार: ३०४ चांगला, २०२ त्याहून हलका. विकणारा चुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३०४" म्हणेल. चुंबक २०२ लाही चिकटत नाही; त्यातून फक्त ४३० सारखा चुंबकाला चिकटणारा माल वेगळा कळतो. उलट चांगल्या ३०४ च्या दुमडलेल्या कडेला चुंबक किंचित ओढला जातो, त्याने बिचकू नका. ३०४ की २०२ हे बघायला भंगारवाले वापरतात ती टेस्टिंगची बाटली आणि ९ व्होल्टची बॅटरी घ्या. कोपरा घासून थेंब टाकायचा, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे बॅटरी लावायची. काही सेकंदांत लालसर झाला तर २०२. थेंब आम्लाचा असतो, लगेच पाण्याने धुवा. वरचा पत्रा ३०४ आणि पाय व चॅनल (पत्र्याखालची आधाराची पट्टी) २०२ हा प्रकार सर्रास चालतो, म्हणून तिन्ही ठिकाणी तपासा. मीठ, चिंच, कोकम रोज सांडणाऱ्या टेबलाला वरून ३०४ च हवं. २०२ वर बारीक खड्डे पडतात आणि ते घासून जात नाहीत. कोरड्या कामाला, पॅकिंगला २०२ चालेल, पण दरही २०२ चाच द्या.

जाडी व्हर्नियरने (जाडी मोजायच्या सरकत्या मोजपट्टीने) मोजा. दुमडलेल्या कडेवर दोन पदर मोजले जातात, म्हणून पत्र्याची एकेरी कड शोधा. १.२ मि.मी. (१८ गेज) च्या खाली कामाचं टेबल घेऊ नका. मसाल्याचं यंत्र ठेवणार असाल तर दीड मि.मी. हवा. खाली आधाराचं चॅनल नसेल तर जाड पत्राही मधे बसतो. तांब्याभर पाणी ओता, डबकं साचलं तर पत्रा बसलाय.

काही टेबलांत आवाज दबावा म्हणून पत्र्याखाली प्लायवूड चिकटवलेलं असतं. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. मऊ लागलं तर प्लाय कुजलंय आणि आत झुरळांची वसाहतही असू शकते. प्लाय काढून टाकण्याचा खर्च धरूनच बोला. पायांचे बूट (खालची टोपणं) काढून पाइपची तोंडं बघा. फरशी धुतल्याचं पाणी आत शिरून गंज तिथूनच सुरू होतो. वेल्डिंगजवळचा निळसर-काळा डाग मात्र गंज नव्हे, तो निघतो.

दरासाठी वजन धरा: १ मि.मी. जाडीचा १ चौरस मीटर पत्रा साधारण ८ किलो भरतो. त्या ग्रेडचा त्या दिवशीचा भंगाराचा भाव विचारा, तो तुमचा खालचा आकडा. नव्याच्या निम्म्याहून जास्त मागत असेल तर फॅब्रिकेटरकडून तुमच्या मापाचं नवंच करून घ्या.

आणल्यावर लोखंडी तारेने घासू नका, लोखंडाचे कण अडकून तेच गंजतात. नायलॉनचा घासणीपॅड आणि साबण पुरतो.