पैसे भरून निवडलेल्या जागा विमानात मिळाल्या नाहीत, तर?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहतो. मे महिन्यात एका भारतीय विमान कंपनीने मुंबईहून लंडनला गेलो. मी, पत्नी आणि चौदा महिन्यांचा मुलगा एका पीएनआरवर होतो. आई आणि आठ वर्षांची मुलगी यांची तिकिटे नंतर काढल्यामुळे दुसऱ्या पीएनआरवर होती. लगतच्या चार जागा, त्यांत बाळाच्या पाळण्याची एक, यांसाठी १४,६०० रुपये वेगळे भरले होते. काउंटरवर विमान बदलल्याचे सांगून मुलीला एकटीला अकरा ओळी मागे बसवले. पैसे परत मागितल्यावर ‘जागेची हमी नसते’ एवढेच उत्तर आले. मेहुणे म्हणतात, तिकिटाचे ७५ टक्के मिळतात. दिवाळीत पुन्हा जायचे आहे. काय करावे?

उत्तर : आपले मेहुणे सांगतात ती तरतूद खरी आहे, परंतु ती आपल्या प्रकरणाला लागू होत नाही. प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध वरच्या वर्गातून खालच्या वर्गात बसवले, तर ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम द्यावी, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. आपण इकॉनॉमीचे तिकीट काढले आणि इकॉनॉमीतच बसलात. ही मागणी नोटिशीत घातली, तर कंपनीचे वकील तेवढीच खोडून काढतील आणि आपली खरी तक्रार मागे पडेल.

आपला खरा आधार एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या सोबत जागा द्यावी आणि तशी नोंद ठेवावी, असे महासंचालनालयाने त्यात बजावले आहे. ‘त्याच पीएनआरवर’ या शब्दांवर कंपनी बोट ठेवणार, हे उघड आहे. मात्र मुलीच्या पीएनआरवर तिची आजी होती. आजी ही हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार नैसर्गिक पालक नाही, असा युक्तिवाद होऊ शकेल. तरीही मुलाने विमानात एकटे बसू नये हाच त्या सूचनेचा हेतू असल्यामुळे, जिच्या ताब्यात मूल प्रवास करते त्या आजीला पालक मानले पाहिजे, असे माझे मत आहे. मत म्हणतो, कारण हा मुद्दा वादाचा आहे आणि आपली संपूर्ण तक्रार त्यावर उभी करू नये.

जागांच्या शुल्काचे मात्र तसे नाही. विशिष्ट आसनाची हमी नाही, हे कलम बहुतेक कंपन्यांच्या अटींत असते आणि विमान बदलण्याची मुभा कंपनीला हवीच. पण जागा बदलण्याचा अधिकार वेगळा आणि न दिलेल्या जागेचे पैसे ठेवून घेण्याचा अधिकार वेगळा. शुल्क घेऊन सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटी ठरते.

प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी मागणी करा आणि तीच तक्रार नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर नोंदवा. जागांच्या शुल्काची पावती, पाचही बोर्डिंग पास आणि विमान बदलल्याचा संदेश जपून ठेवा. दाद न मिळाल्यास कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, कारण त्याच अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तेथेही तक्रार चालते; त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जाण्याची गरज नाही. तिकिटांसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास आयोगाचे शुल्क लागत नाही. तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. जागांच्या शुल्काचा परतावा, व्याज आणि मनस्तापाची माफक भरपाई मागा. दहा-वीस लाखांचा आकडा लिहिण्याची हौस पुष्कळांना असते; त्याने तक्रारीचे वजन वाढत नाही, कमी होते.

दिवाळीच्या प्रवासासाठी पाचही जणांची नावे एकाच पीएनआरवर घ्या. एकत्र तिकिटे काढताना कधीकधी दर थोडा चढतो, कारण स्वस्त दराच्या दोनच जागा उरल्या असतील तर यंत्रणा सर्वांनाच पुढचा दर लावते. तरीही तो फरक सोसावा. एजंटने दोन पीएनआर एकमेकांना ‘जोडून’ दिले, तरी ते कायद्याच्या दृष्टीने दोनच राहतात.

पाळणा फक्त पुढच्या भिंतीसमोरच्या ठराविक जागांवर लागतो आणि ती जागा निवडली म्हणजे पाळणा मिळाला असे नव्हे. तो स्वतंत्रपणे मागून लेखी होकार घ्यावा. त्या ओळीत हाताचे दांडे वर होत नाहीत आणि उड्डाणाच्या वेळी पिशवी पायाशी ठेवता येत नाही, हे मातोश्रींना आधी सांगावे. आपत्कालीन दरवाजाजवळच्या ऐसपैस जागांचा मोह धरू नका, तेथे मुलांना बसू देत नाहीत. विमानात तीन-तीन-तीन अशी रचना असल्यास मधल्या तीन जागा आणि त्याच ओळीत वाटेपलीकडची एक घ्या. जागांचा नकाशा अधूनमधून उघडून पाहा, कारण विमान बदलले की क्रमांक प्रथम तेथेच बदलतात, आणि त्या पडद्याची प्रत ठेवा. वेब चेक-इनही कोल्हापुरातून रात्रीच्या गाडीने निघण्यापूर्वीच, घरूनच उरकावे. मुंबईच्या काउंटरवर पोचेपर्यंत चांगल्या जागा इतरांनी घेतलेल्या असतात.